इलेक्ट्रिक ओव्हन तापत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ओव्हन चालू आहे, पण गरम होत नाही’ असं विचारणाऱ्यांपैकी बरेच जण नवी कॉइल (तापणारी सळी) किंवा बोर्ड (ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) मागवायच्या बेतात असतात. आमचा आग्रह एवढाच, की सुटा भाग मागवण्याआधी ओव्हनमधलं काय चालू आहे आणि काय बंद आहे ते नीट पाहून घ्या. बिघाड कुठे शोधायचा, ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं. खालची उत्तरं बिल्ट-इन ओव्हन आणि टेबलावर ठेवायचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) या दोन्हींसाठी आहेत. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण आत गरमच होत नाही. सुरुवात कुठून करू?

बाहेरून आत या. आधी वीजपुरवठा, मग सेटिंग, मग कॉइल, आणि बोर्ड अगदी शेवटी.

त्याआधी एक सोपी चाचणी करा. ओव्हन पूर्ण गार असताना फक्त वरची कॉइल चालते तो मोड, म्हणजे ग्रिल, लावा. पाच मिनिटांनी दार उघडून धग जाणवते का ते बघा. कॉइलला हात लावू नका, समोरूनच कळेल. मग ओव्हन गार होऊ द्या आणि हेच फक्त खालच्या कॉइलवर करा. पंख्याचा मोड असेल तर तोही वेगळा करून बघा.

एकच कॉइल बंद असेल तर दोष त्या कॉइलमध्ये, तिच्या वायरीत किंवा तिच्यापर्यंत वीज पोचवणाऱ्या स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये (बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच) असतो. मग प्रश्न ६ पासून पुढे वाचा. सगळ्याच कॉइल बंद असतील तर त्या सगळ्या एकदम जळाल्या असणं फार दुर्मीळ. तेव्हा सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी तपासायच्या: पुरवठा (प्रश्न ३), घड्याळ आणि सेटिंग (प्रश्न ४ आणि ५), तापमान राखणारा थर्मोस्टॅट (प्रश्न ९), थर्मल कटआउट (प्रश्न १०) किंवा सेन्सर (प्रश्न ११).

२. यातलं मी स्वतः काय करू शकतो आणि मेकॅनिकला कधी बोलवायचं?

सेटिंग तपासणं, प्लग आणि सॉकेट बघणं, ओव्हन थर्मामीटरने तापमान पाहणं, हे कोणीही करावं. प्लग काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजणं मल्टिमीटर वापरता येणाऱ्याला जमतं. चालू ओव्हनच्या आत व्होल्टेज मोजणं, बोर्डावर काम करणं आणि भिंतीतल्या कनेक्शनला हात घालणं ही कामं इलेक्ट्रिशियनचीच.

नॉब बंद केला म्हणजे कॉइलमधली वीज गेली असं धरून चालू नका. अनेक ओव्हनमध्ये दोनपैकी एकच वायर तोडली जाते आणि दुसरी वायर जिवंत राहू शकते. म्हणून प्लग काढायचा. ओव्हन थेट भिंतीत जोडलेला असेल तर त्याची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा मुख्य पॅनेलमधला स्विच) खाली करायची आणि वीज खरंच गेली आहे याची मीटरने खात्री झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. यात सवलत घेऊ नका.

३. घड्याळ आणि दिवा चालू आहेत, म्हणजे वीज तर येतेय. मग दोष पुरवठ्यात कसा असेल?

असू शकतो. दिव्याला आणि घड्याळाला अगदी थोडी वीज लागते, कॉइलला मात्र हजार-दोन हजार वॅट किंवा त्याहून जास्त. काही देशांत मोठ्या ओव्हनला १२० व्होल्टच्या दोन लाइन देऊन कॉइल २४० व्होल्टवर चालवतात. त्यातली एक लाइन गेली की दिवा आणि घड्याळ १२० व्होल्टवर नेहमीसारखे चालतात आणि कॉइल मात्र थंड राहते. तिथे जोडीच्या ब्रेकरपैकी एक अर्धवट पडलेला असू शकतो. तो नुसता वर ढकलून बसत नाही. आधी पूर्ण खाली करा, मग वर करा.

२३० व्होल्टच्या एका लाइनवर चालणाऱ्या ओव्हनमध्ये प्लग आणि सॉकेटकडे बघा. पिनवर काळपट डाग, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट किंवा वितळलेलं प्लास्टिक, जळका वास, यातलं काहीही दिसलं तर ओव्हन वापरणं थांबवा आणि दोन्ही बदलून घ्या. ढिल्या पकडीमुळे तिथेच उष्णता तयार होते. ओव्हन एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो आणि तेही तासभर. बऱ्याच एक्स्टेंशनच्या बारीक वायरीला ते झेपत नाही.

४. लाइट जाऊन आल्यापासून ओव्हन तापेनासा झाला. बोर्ड उडाला का?

बोर्डाची शंका घेण्याआधी घड्याळ बघा. डिजिटल घड्याळ असलेले अनेक बिल्ट-इन ओव्हन वेळ लावल्याशिवाय तापत नाहीत. लाइट गेली की वेळ पुसली जाते आणि शून्यं लुकलुकत राहतात. वेळ लावली की ओव्हन पहिल्यासारखा चालतो.

दुसरी शक्यता ऑटो मोडची. वेळ लावताना चुकून शिजवण्याची वेळ किंवा उशिरा सुरू होण्याची वेळ लागली, तर ओव्हन ठरलेल्या वेळेची वाट बघत थांबतो. पॅनेलवर हाताच्या पंजाचं चिन्ह असेल तर ते बटण दाबून मॅन्युअल मोडवर आणा. चिन्ह नसेल तर माहितीपुस्तिकेत ‘मॅन्युअल’ शोधा. एवढं करूनही तापत नसेल तर प्लग काढून किंवा एमसीबी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग पुन्हा लावा. अडकलेला बोर्ड यानेही सुटतो.

५. ओव्हन नवा आहे. सगळं व्यवस्थित लावलंय, पण पहिल्या दिवसापासून तापलाच नाही.

बिल्ट-इन ओव्हन असेल तर डेमो मोड तपासा. दुकानात मांडून ठेवलेल्या ओव्हनमध्ये दिवे, पडदा, पंखा सगळं चालावं पण कॉइल तापू नये, यासाठी हा मोड असतो. तो तसाच राहून गेला तर ओव्हन वरून ठणठणीत दिसतो आणि तापत मात्र नाही. बंद करायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यासाठी पुस्तिका बघा. किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलं आहे.

ओटीजीमध्ये सहसा तीन नॉब असतात आणि तिन्ही योग्य जागी असावे लागतात: तापमान, वरची-खालची कॉइल निवडणारा नॉब आणि टायमर. नुसतं तापमान लावून काही होत नाही. टायमर शून्यावर असेल तर कॉइलपर्यंत वीज जातच नाही. कमी मिनिटं लावायची असतील तर टायमर आधी १० किंवा २० च्या पुढे फिरवून मग मागे आणा, नाहीतर स्प्रिंग नीट ताणली जात नाही. कॉइल निवडणारा नॉब दोन खाचांच्या अधेमधे राहिला तरी एकही कॉइल लागत नाही. तो ‘टक्’ करून जागेवर बसला पाहिजे.

६. खालची कॉइल लाल होत नाही, म्हणजे ती जळलीच ना?

लाल न होणं म्हणजे जळणं नव्हे. ग्रिलची कॉइल लालभडक होते, कारण ती जोरात चालते आणि आपण तिच्याकडे बघत असतो. खालची कॉइल कमी तापमानावर अंधुक लाल होईल किंवा होणारही नाही. शिवाय हवं ते तापमान आलं की थर्मोस्टॅट तिला बंद करतो आणि तापमान थोडं उतरलं की पुन्हा चालू करतो. तुम्ही नेमकं बंद असताना डोकावलात तर ती काळीच दिसणार. बऱ्याच ओव्हनमध्ये तर खालची कॉइल तळाच्या पत्र्याखाली असते, ती दिसतच नाही.

प्रश्न १ मधली चाचणी रंगापेक्षा भरवशाची आहे.

७. कॉइल तुटली आहे हे नुसतं बघून ओळखता येतं का?

कधी कधी अगदी स्पष्ट दिसतं. कॉइल म्हणजे धातूची नळी. तिच्या आत मधोमध नायक्रोमची वळणदार तार असते आणि तार नि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरट पूड ठासून भरलेली असते. तार तुटताना त्या जागी ठिणगी पेटते आणि नळीवर खूण सोडते: फोड आल्यासारखा फुगवटा, बारीक भोक, किंवा चिरलेली जागा आणि तिच्या कडेने पांढरी भुकटी. कॉइल गार झाल्यावर टॉर्च आडवा धरून सगळी लांबी बघा. खालच्या बाजूने आरसा फिरवा आणि वळणांकडे जास्त लक्ष द्या.

असं काही दिसलं तर मोजमाप करत बसायची गरज नाही. ती कॉइल पुन्हा चालू करून बघू नका, बदला. नळी धडधाकट दिसली म्हणून आतली तार शाबूत आहे असं मात्र नाही. तार आतल्या आत तुटते आणि बाहेर काहीच दिसत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

काही लहान ओव्हनमध्ये वरच्या दोन सळ्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि खालच्या दोनही तशाच. त्यात एक तुटली की तिची जोडीदारही बंद पडते. दोन्ही गेल्या असं समजून दोन्ही मागवू नका, एकेक मोजा.

८. मल्टिमीटरने कॉइल कशी तपासायची? किती ओहम आले म्हणजे ठीक?

प्लग काढा, ओव्हन गार होऊ द्या. कॉइलच्या टोकांची किमान एक वायर सोडवा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने रेझिस्टन्स दाखवेल. काही ओव्हनमध्ये कॉइल आतून स्क्रू काढून पुढे ओढतात. तिथे वायरी ओव्हनच्या मागच्या पत्र्याआड सटकू देऊ नका. सुटल्या सुटल्या चिमट्याने धरून ठेवा, नाहीतर त्या शोधायला मागचा पत्रा उघडावा लागतो.

मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांवर प्रोब लावा. किती यायला हवेत हे साध्या हिशेबाने काढता येतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १००० वॅटची कॉइल सुमारे ५३ ओहम दाखवते, १२०० वॅटची ४४, २००० वॅटची २६. कॉइलवर छापलेले वॅट आणि व्होल्ट बघून आपला आकडा काढा. थोडा कमी-जास्त आला तर काळजी नको. काहीच न येणं, म्हणजे मीटरवर ओपन दिसणं, याचा अर्थ तार तुटली.

मग दुसरं मोजमाप. अनेक जण इथे घाई करतात आणि हेच सोडून देतात. एक प्रोब कॉइलच्या टोकावर आणि दुसरा तिच्या धातूच्या नळीवर. इथे ओपनच यायला हवं. काही ओहम आले तर तार नळीला टेकली आहे. अशा कॉइलमुळे शॉक बसू शकतो. तार अखंड असली तरी ती टाकून द्यायची.

९. कॉइल मीटरवर बरोबर आहे, तरी तापत नाही. आता काय बघू?

आधी टोकं. कॉइलला वायर जिथे खोचलेली असते तो लग, म्हणजे वायरीच्या टोकाची चपटी धातूची क्लिप, बघा. चांगला लग चकचकीत आणि घट्ट असतो. जळका लग तपकिरी किंवा निळसर काळा पडतो, त्याची पकड उघडते, वायरीचं आवरण कडक होऊन बोटाने दाबलं की खपल्यांसारखं निघतं. तिथे नवा लग लावायचा आणि जळकी वायर चांगला तांबडा भाग लागेपर्यंत कापायची. वायर वाढवायची वेळ आली तर घरातली साधी पीव्हीसी वायर चालत नाही. ती साधारण ७० अंशांपुरतीच असते. काचतंतूचं किंवा सिलिकॉनचं आवरण असलेलीच वायर लागते.

टोकं चांगली असतील तर निवडणारा स्विच आणि थर्मोस्टॅट. नॉबच्या थर्मोस्टॅटला एक बारीक तांब्याची नळी असते आणि तिच्या टोकाचा बल्ब ओव्हनच्या पोकळीत क्लिपने बसवलेला असतो. प्लग काढलेला असताना, त्याच्या वायरी सोडवून, नॉब पूर्ण फिरवा आणि त्याच्या दोन टोकांत कंटिन्युइटी, म्हणजे वाट अखंड आहे का, ते मीटरने बघा. आली नाही तर थर्मोस्टॅट गेला. बल्ब क्लिपमधून निसटून कॉइलजवळ आला असेल तर तो लवकर तापतो आणि ओव्हन वेळेआधी बंद होतो. बल्ब जागेवर बसवला की काम झालं.

१०. थर्मल कटआउट म्हणजे काय? तो काढून वायर सरळ जोडली तर चालेल का?

नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

ओव्हन प्रमाणाबाहेर तापला की वीज तोडणारा हा छोटा गोल भाग असतो, सहसा मागच्या किंवा वरच्या पत्र्यावर बसवलेला. काही प्रकार गार झाल्यावर आपोआप जोडले जातात, काहींवर दाबून सुरू करायचं बटण असतं आणि काही एकदाच वापरायचे असतात. प्लग काढून, गार असताना, त्याच्या टोकांत कंटिन्युइटी यायला हवी. नाही आली तर त्याच आकड्याचा नवा बसवा. त्याने वीज तोडली त्यामागे कारण असतं: थंड करणारा पंखा बंद पडणं, हवा जाण्याच्या फटी बुजणं, थर्मोस्टॅट किंवा रिले चिकटून कॉइल सतत चालू राहणं. ते कारण शोधलं नाही तर नवा कटआउटही जाईल. आणि तो वगळून ओव्हन चालवला तर पुढची गोष्ट आग असू शकते.

११. डिजिटल ओव्हनचा तापमान सेन्सर कसा तपासतात?

पोकळीत मागच्या बाजूला पेन्सिलपेक्षा बारीक धातूची कांडी दिसते, ती सेन्सर. बऱ्याच ओव्हनमध्ये तो प्लॅटिनमचा असतो आणि २५ अंशांना सुमारे ११०० ओहम दाखवतो. तापमान वाढेल तसे ओहम वाढतात, २०० अंशांना साधारण १७६०. काही कंपन्या ५०० ओहमचा प्रकार वापरतात, तो खोलीच्या तापमानाला ५५० च्या आसपास असतो. काही सेन्सर उलट वागतात, तापले की त्यांचे ओहम कमी होतात. म्हणून आपल्या मॉडेलचा आकडा बघूनच निकाल लावा.

ओपन किंवा शून्य आलं तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. बोर्डाला तापमान कळत नसेल तर तो सहसा कॉइल चालूच करत नाही आणि एरर दाखवतो. सेन्सर बदलण्याआधी त्याचा जोडणीचा सॉकेट काढून पुन्हा घट्ट बसवून बघा.

१२. ओव्हन तापतो, पण पुरेसा नाही. १८० लावलं तरी केक मध्ये कच्चा राहतो.

आधी खरं तापमान मोजा. ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून अर्धा तास थांबा, मग थोड्या थोड्या वेळाने काही वेळा वाचून सरासरी काढा. १० ते २० अंशांचं वर-खाली होणं थर्मोस्टॅटमुळे स्वाभाविक आहे. सरासरीच खूप खाली असेल तर कारणं बरीच.

दोनपैकी एक कॉइल बंद असेल तर ओव्हन रेंगाळत तापतो (प्रश्न १). दाराचं रबर फाटलं किंवा कडक झालं असेल तर उष्णता बाहेर जाते. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. लाइन कमी येत असेल तर त्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर कॉइलची ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. बरेच डिजिटल ओव्हन काही अंश वर-खाली करण्याची सोय देतात, ती पुस्तिकेत सापडेल. पण एखादी कॉइल बंद असेल तर अशा दुरुस्तीने काही साधत नाही.

१३. ओव्हन लावला की एमसीबी पडते. याचाही संबंध कॉइलशी का?

कोणता स्विच पडतो ते बघा. एमसीबी पडली तर जास्त भार किंवा शॉर्ट. १६ अँपिअरच्या सर्किटवर ओव्हनसोबत गीझर किंवा किटली चालू असेल तर भार जास्त होणारच. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर वीज अर्थमध्ये गळते आहे. घरातले आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअर गळतीला पडतात.

इथे एक चकवा आहे. ओव्हन खूप दिवस बंद असेल किंवा नुकताच भरपूर पाण्याने पुसला असेल, तर कॉइलमधली पूड दमट होते आणि गळती सुरू होते. साधा मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे त्यावर ही गळती दिसेलच असं नाही. इलेक्ट्रिशियन मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर) लावून मोजतो. दमटपणा सुकवता येतो, पण आरसीसीबी वगळून ओव्हन तापवायचा नाही. सुकवायचं कामही इलेक्ट्रिशियनवरच सोपवा.

१४. ग्रिल आणि खालची कॉइल ठीक आहेत, पण पंख्याच्या मोडमध्ये तापत नाही.

मागच्या पंख्याभोवती गोल कॉइल असते, ती तपासा (प्रश्न ८ प्रमाणे). पंखा फिरतो का तेही बघा. पंखा जाम झाला तर कॉइलची उष्णता तिथेच साठते आणि कटआउट वीज तोडतो.

१५. अर्धा तास छान तापतो, मग थंड पडतो. तासाभराने पुन्हा चालू होतो. हे काय आहे?

आपोआप जोडला जाणारा कटआउट हे करतो आहे, अशी दाट शंका घ्या. दाराच्या वरून वारा येतो का हाताने बघा. तिथला पंखा मंद किंवा बंद असेल तर तेच कारण. बिल्ट-इन ओव्हन कपाटात घट्ट बसवला असेल आणि मागे हवेला जागा नसेल तरीही असंच होतं. दुसरी शक्यता म्हणजे बोर्डावरच्या रिलेचं सोल्डर तडकलेलं असणं. गार असताना चिकटून असतं, तापलं की सुटतं. हा दोष गार ओव्हन तपासताना सहसा सापडत नाही, म्हणून मेकॅनिकला ‘अर्ध्या तासाने बंद होतो’ हे आधीच सांगा.

१६. सेल्फ-क्लीन केल्यापासून ओव्हन तापत नाही.

या मोडमध्ये आतलं तापमान ५०० अंशांच्या जवळ जातं आणि दार कुलूपबंद होतं. एवढ्या तापाने कटआउट उडू शकतो (प्रश्न १०) किंवा दाराचं लॉक अर्धवट अडकू शकतं. दाराची जागा बोर्डाला कळली नाही की तो कॉइल चालू करत नाही. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या, वीज बंद करून पुन्हा द्या आणि लॉक सुटतं का बघा.

१७. मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड तापत नाही. हेच उपाय करू का?

सेटिंग आणि प्लग तपासण्यापलीकडे काही करू नका. मायक्रोवेव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वरचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. तो जीव घेतो. झाकण न उघडता थेट मेकॅनिककडे द्या.

१८. मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला. खरंच बोर्डच गेला हे कसं कळणार?

त्याला विचारा, कॉइलचे किती ओहम आले, सेन्सरचे किती आले, कटआउटला कंटिन्युइटी आहे का, आणि ओव्हन चालू असताना कॉइलच्या टोकांना व्होल्टेज येतं का. पहिली तीन मोजमापं बरोबर असतील, बोर्डापर्यंत पूर्ण व्होल्टेज येत असेल, बोर्डाकडून कॉइलकडे जाणारी वायर अखंड असेल आणि तरीही कॉइलला व्होल्टेज पोचत नसेल, तर बोर्डाचा संशय रास्त आहे. तापमान लावल्यावर रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो का तेही ऐका. आवाज येऊनही वीज पुढे जात नसेल तर कधी कधी नुसता रिले किंवा त्याचं सोल्डर बदलून भागतं. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा ते करून देतो आणि पूर्ण बोर्ड घ्यावा लागत नाही. हे आकडे न सांगता कोणी थेट बोर्ड मागवायला सांगत असेल तर आधी मोजून घ्यायला लावा.